कोणी का असेना

अक्का,

तुझ्या भावाच्या रानात तुला ठेवून माणसं परतली, तेव्हा मी बांधावरच उभी होते. जवळ यायचं धाडस झालं नाही. वळसंगच्या त्या काळ्या मातीत शाळू निसवला होता. वाऱ्यानं कणसं एकमेकांवर घासत होती आणि त्या सळसळीतून जंगमस्वामींचे शब्द तुटक तुटक ऐकू येत होते. लिंगायतांच्या रीतीनं तुला खड्ड्यात बसवलं, हातावर लिंग ठेवलं, बेल वाहिला, हे सगळं तुझ्या भावानं नंतर सांगितलं. मला दिसल्या त्या फक्त माणसांच्या पाठी. लोकांना वाटलं असेल, बामणाची डॉक्टरीण, आपल्यातलं तिला काय कळतंय. तसं नव्हतं गं. पुढं आले असते तर खड्ड्याच्या कडेला नरसम्मा उभी होती. तिच्याकडं बघावं लागलं असतं, आणि मला तिचं तोंड बघायचं नव्हतं.

तिच्याबद्दल लिहायचं आहेच, पण आधी तुझ्याबद्दल.

तू माझ्याकडं आलीस ती दुखणेकरी म्हणून. उजवा खांदा धरला होता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता, वेणी घालता येत नव्हती. माझं उपचारगृह तेव्हा नवं नवं होतं. तळ्याच्या बाजूला भाड्याचं घर; पुढं ओसरी, मधे चौक, आत एक खोली मालिशची, एक वाफेची आणि एक माझी. सोलापुरात बायकांसाठी असं दुसरं काही नव्हतं. गिरणीत दिवसभर उभं राहून कंबर गेलेल्या, मागावर बसून गुडघे आखडलेल्या, बाळंतपणात एक अंग लुळं पडलेल्या, बाटलीतल्या औषधानं बऱ्या न होणाऱ्या अशा सगळ्या माझ्या दारी येत. शेक, वाफ, मालिश आणि व्यायाम एवढंच माझं शास्त्र. त्या शास्त्रावर माझा विश्वास होता, पण ते चालवायला जी माणसं लागतात ती माझ्या हाती टिकत नव्हती. मालिशवाली आज आली तर उद्या नाही. वाफेचा बंब एक तर गार, नाही तर असा तापलेला की खोलीत पाय ठेवायची सोय नाही. आणि ओसरीवर रोज सकाळी भांडण, पाळी कोणाची यावरून.

त्याही दिवशी भांडण चाललं होतं. मी आतून ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं करत होते. एकाएकी सगळं शांत झालं. बाहेर येऊन पाहते तर ओसरीच्या मधोमध तू उभी, दुखरा हात दुसऱ्या हातानं सावरून धरलेला, आणि बायका ओळीनं बसलेल्या.

"अंगावर पोर असनारी पयली," तू मलाच सांगायला लागलीस. "मग माढ्याकडनं, लांबनं आलेल्या. गावातल्या मागनं. त्यांची घरं काय कुटं पळून जात न्हाईत."

"हे तुम्हांला करायला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. बसून बसून कटाळा आला की."

खांदा बरा झाला तरी तुझं येणं थांबलं नाही. हळूहळू तुझी हकीकत कळली. नवऱ्यामागं धान्याचं दुकान तू चालवलं होतंस. हमाल, गाडीवान, तोलणारे, सगळे तुझ्या शब्दात. मग दिरांनी दुकान घेतलं आणि तुला चुलीपुढं बसवलं. "भाकरी थापून आखडला बगा खांदा," असं तू म्हणायचीस. मी तुला उपचारगृहाची व्यवस्था बघायला बोलावलं, तेव्हा दीर ओसरीवर येऊन ओरडून गेले. दुसऱ्या दिवशी तू लुगड्याचं गाठोडं घेऊन हजर झालीस आणि विचारलंस, "झाडू कुटं ठेवता?"

मी तुला अहो-जाहो करत होते. तू ते फार दिवस चालू दिलं नाहीस. "अक्का म्हनता आन वर तुमी? थोरल्या भनीला कोन अहो म्हनतं?" मी म्हटलं, मग तूही मला तू म्हण. त्यावर मान हलवलीस. "मानसांपुढं न्हाई. तुमी मालकीन. मी तुमाला तू म्हनले तर उद्या बंबवाली म्हनंल." पण कधी कधी, ओसरी रिकामी झाली की, तुझ्या कानडीत 'तंगी' म्हणायचीस. धाकटी बहीण. तेवढं एक मिळवलं मी तुझ्याकडून.

नरसम्माला तूच आणलंस. साखर पेठेतल्या विणकराच्या घरातली, नवरा गेलेला, तेलुगू बोलणारी, मराठी अडखळत. काम येतं का, असं तू विचारलंच नाहीस. स्टूल ओढून तिच्याकडं पाठ केलीस आणि म्हणालीस, "हं, चोळ माजा खांदा." ओसरी माणसांनी भरलेली, सकाळची गडबड, आणि तू बसल्या बसल्या झोपलीस! मान पुढं पडली तेव्हा जागी झालीस, इकडं तिकडं बघितलंस आणि म्हणालीस, "उद्यापास्नं ये." त्या दिवसापासून दुपारी दुखणेकरणी गेल्या की नरसम्मा तुझा खांदा चोळायची. चौकात पंचे वाळत असत, शांता ते उलटेपालटे करत असे, आणि तुम्हां दोघींचं काहीबाही चाललेलं असे. अर्धं कानडी, अर्धं तेलुगू, एकीला दुसरीचं किती कळत होतं कोण जाणे.

व्यापारपेठेतल्या एक बाई आल्या होत्या, आठवतं? कंबर धरली होती, पण नरसम्माचे हात लागू द्यायच्या आधी त्यांना तिची जात हवी होती.

"मालिशवाली," तू सांगितलंस.

"ते नव्हे हो. जात विचारते मी."

"तीच सांगाय लागलेय की. ही मालिशवाली, ती हसीनाबी वाफवाली, ही शांता पंचेवाली, मी वटवट करनारी. तुमी दुखनेकरीन. ह्याबिगर दुसऱ्या जाती हितं न्हाईत."

बाई रागावल्या, मग हसल्या, मग पालथ्या झोपल्या. मी दाराआड उभी राहून हे सगळं ऐकलं. माझ्याकडं आल्या असत्या तर मी त्यांना समतेवर व्याख्यान दिलं असतं आणि त्या उठून गेल्या असत्या.

शहरात मार्शल लॉ लागला तेव्हाही तूच निभावलंस. रस्त्यावर शिपाई, दारं बंद, कोणी घराबाहेर पडायला तयार नाही. हसीनाबीला आणि शांताला तू मागच्या खोलीत राहायला आणलंस. जुन्या मालकाची गुरं बांधायची ती जागा, चौकाच्या पलीकडं, दोन्ही बाजूंनी उघडी. तू ती शेणानं सारवून घेतलीस आणि चूल मांडलीस. हसीनाबी आपल्या दखनीत कुरकुरायची, "क्या अक्का, जेलखाने में लाके डाले क्या हमना," आणि तू म्हणायचीस, "जेलात भाकरी देत्यात, हितं थापाय लागत्यात." ते दिवस भीतीचे होते. पण मी आयुष्यात तेव्हाइतकी कधी हसले नाही, अक्का. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग तू बदललीस.

केव्हापासून, ते मला नीट सांगता येत नाही, आणि डॉक्टर असून सांगता येत नाही हीच माझी लाज आहे. आधी तू सगळीकडं असायचीस. मालिशच्या खोलीत डोकावायचीस, वाफेच्या पेटीत बसलेल्या बाईच्या कपाळावरचा घाम पुसायचीस, लुळ्या पोराचा पाय हातात घेऊन त्याला हसवायचीस. ते बंद झालं. तू ओसरीच्या टोकाला, वारा येतो तिथं, आपली बैठक केलीस आणि तिथूनच सगळं हाकायला लागलीस. पाणी प्यायला स्वतःचा तांब्या आणलास. पोरं जवळ आली की, "आत जावा, आईकडं जावा," म्हणून हाकलायचीस. मला वाटलं, तू चढलीस. सगळं तुझ्यावाचून अडतं हे तुला कळलं आणि तुझा तोरा वाढला. मी ते तुला बोलूनही दाखवलं.

"अलीकडं फार मोठी झालीस अक्का. बसल्या जागेवरून हुकूम सोडतेस."

तू हसलीस. "व्हय की. मालकीन झाले आता."

मला राग आला. मी त्या दिवशी तुझ्याशी जास्त बोलले नाही.

नरसम्माचा खोकला शांतानं पकडला. धुवायच्या पंच्यावर तांबडा डाग होता. शांता तो पंचा घेऊन माझ्याकडं आली. तुझ्याकडं का आली नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी नरसम्माची छाती तपासली, थुंकी मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवली. क्षय निघाला.

तू माझ्या खोलीत आलीस. बसलीस नाहीस, दाराशीच उभी राहिलीस. तुझं ते उभं राहणं मला आता रोज दिसतं.

"तिला मालिश करू देऊ नगा," तू म्हणालीस. "ते बरुबर हाय. पर तिला काडू नगा. मागची खोली मोकळी हाय. उन्हाची, वाऱ्याची. तितं ऱ्हाईल. दूध-भाकरी मी बगते. मार्शल लॉत ऱ्हायलीच की मानसं तितं."

"अक्का, इथं बाळंतिणी येतात. अंगावरची मुलं येतात."

"खोली चौकाच्या पल्याड हाय."

"लोकांना कळलं तर? इथं क्षयाचं माणूस ठेवलंय म्हणून उद्या एक बाई पायरी चढायची नाही. मग तुझ्या नरसम्माला दूध कुठलं घालायचं?"

"कळू द्या. आपन सांगू त्येन्ला समजावून. मी सांगते."

"हे दुकान नव्हे, अक्का. इथं घासाघीस चालत नाही."

दुकान हा शब्द मी मुद्दाम वापरला होता, आणि तुलाही ते कळलं. मग तू फार हळू विचारलंस, "मग ज्येला ज्येला खोकला, त्यो भाईर?"

"होय. ज्याला खोकला आहे तो या उंबऱ्याच्या आत राहणार नाही. कोणी का असेना."

"कोनी का आसंना?"

"कोणी का असेना. मी असले तरी."

हे वाक्य उच्चारताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. किती निःपक्षपाती, किती कडक! तू माझ्याकडं बघत राहिलीस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, आणि मग नुसतं "बरं" म्हणालीस.

नरसम्माला सांगायचं कोणी, हा प्रश्न राहिला. मी म्हटलं, माणसांची व्यवस्था तुझ्याकडं आहे, तूच सांग. तू म्हणालीस, "ह्ये तुमी सांगा." तू माझा शब्द मोडलास तो तेवढा एकदाच. मी "बघते" म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. एक बाई तपासली, मग दुसरी, मग जिला तपासायची गरज नव्हती अशी तिसरी. बाहेर आले तेव्हा चौक रिकामा होता. तूच सांगितलं होतंस. नरसम्मा गेली होती.

तिला तू वळसंगला भावाच्या रानात नेऊन ठेवलंस. लिंबाखाली झोपडी, शेळीचं दूध, भाकरी, दिवसभर उघडी हवा. क्षयाच्या आरोग्यधामात जे करतात तेच सगळं. सुट्टीच्या दिवशी तू सर्व्हिस मोटारीनं जायचीस आणि परत येऊन कामाला लागायचीस. तिचं कसं आहे ते मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. आपलं बोलणं उरलं ते पंचे, सरपण आणि पाळ्यांपुरतं. तंगी हा शब्द मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. मी वाट बघत होते. तू आधी बोलशील, मग मी बोलेन. डॉक्टर होते ना मी, माझं बरोबर होतं.

तू वाळत चालली होतीस. मी विचारलं तेव्हा सोमवारच्या उपासांचं नाव सांगितलंस. मी मान डोलावली. बाहेरून आलेली कोणतीही बाई अशी वाळलेली दिसली असती तर मी तिला आधी तपासायच्या बाकावर झोपवलं असतं. तुला झोपवलं नाही. तू दुखणेकरीण नव्हतीस, तू व्यवस्था होतीस. माझ्या डोळ्यांना तू तशीच दिसत होतीस, भिंतीसारखी, बंबासारखी, रोज जागेवर असणारी.

मग एका सकाळी, ओसरी भरलेली असताना, तू पाळीची हाक मारायला उठलीस आणि पदर तोंडाला लावून खालीच बसलीस. पदर लाल झाला. बायका मागं सरकल्या. मी तुला आत घेतलं, पहिल्यांदा तुझ्या छातीला नळी लावली आणि दोन्ही बाजूंनी जे ऐकायचं नव्हतं ते ऐकलं.

तेव्हा मी काय म्हणाले? तेही लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "बघितलंस ना? म्हणून मी सांगत होते. तिच्याकडं जात राहिलीस, आता तुला लागलं."

मरायला टेकलेल्या माणसाला, अक्का, मी वाद जिंकून दाखवला.

तू डोळे मिटलेस. "व्हय," म्हणालीस. "तुमचंच बरुबर, बाई."

भाऊ येऊन तुला घेऊन गेला. मी मागच्या खोलीचं नाव काढलं. आता काढलं, तुझ्यासाठी काढलं! तू मान हलवलीस. "नेम म्हंजे नेम. साकु." पुरे झालं, असं तुझ्या भाषेत. मी दर आठवड्याला वळसंगला येत होते, औषध घेऊन, नळी घेऊन. नरसम्मा तुझ्या उशाशी असायची. ती बरी झालेली होती. अंग भरलं होतं, गालावर रंग आला होता, मराठीही आता अडखळत नव्हती. तिच्या त्या भरल्या अंगाकडं बघून मला काय वाटायचं ते तू ओळखलं असणार. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. आपण दोघी एकट्या असताना तू कधी कधी माझ्याकडं बघत राहायचीस, आणि मी लगेच नाडी धरायचे. नाडी धरली की बोलावं लागत नाही.

तुला मातीत ठेवल्यावर लोक पांगले. नरसम्मा बांधावर माझ्याकडं आली. अंतर ठेवून उभी राहिली, जणू अजून माझ्या उंबऱ्याबाहेरच होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासाठी जीव दिला तिनं. लक्षात ठेव."

ती रागावली नाही. नवल वाटल्यासारखं माझ्याकडं बघायला लागली.

"माज्यासाटी? बाई, अक्का तर माज्याआदी खोकत हुती."

मला कळेना ती काय बोलते.

"तुमाला ठावंच न्हाई? दुपारचा खांदा चोळताना मला कळायचं की. पाटीत आतनं घरघर लागायची. मी म्हनले, बाईंला सांग. ती म्हनायची, सांगते, जरा बरी येळ बगून सांगते. म्हनून तर आत यायची न्हाई ती. पोरांला जवळ घ्यायची न्हाई. तांब्या येगळा केला."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मला खोकला लागला तवा लई रडली. म्हनली, ह्ये माजं हाय, तुला मी दिलं. मी म्हनले, अक्का, माजा नवराबी ह्येच्यातच गेला, कुनाचं कुनाला लागलं कोन सांगनार? पर तिनं ऐकलं न्हाई. म्हनली, मी जाऊन बाईंला दोगींचं एकदम सांगते. म्हनून आली हुती तुमच्या खोलीत."

"मग?"

"मग भाईर आली आन म्हनली, न्हाई सांगितलं. सांगन्यासारकं ऱ्हायलं न्हाई."

अक्का, तू दाराशी उभी होतीस. मागची खोली तू एकीसाठी मागत नव्हतीस. तोंड उघडलं होतंस, आणि मी माझं ते सुंदर वाक्य तुझ्या तोंडावर मारलं.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी भांडते आहे. तुलाही सोडत नाही मी. तू का बोलली नाहीस? एवढ्या बाया-बापड्यांना तोंडावर ऐकवणारी तू, मला एक धपाटा घालून "गप ऐक, तंगी" का म्हणाली नाहीस? ओसरीत वाऱ्याकडं बसून का होईना, तू तिथं होतीस, पोरं तिथं होती. काही झालं असतं म्हणजे? यावर तुझं उत्तर मला ऐकू येत नाही. ऐकू येतं ते माझंच वाक्य. आणि खरं सांगू? नियम चुकीचा होता असं मला अजूनही म्हणता येत नाही. खोकणाऱ्या बाईचे हात बाळंतिणीच्या अंगाला मी आजही लागू देणार नाही. तेवढं तर तूही मान्य केलं होतंस, पहिल्याच वाक्यात. पण 'काम करायचं नाही' आणि 'इथं राहायचं नाही' या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. तू त्या वेगळ्या करून माझ्यापुढं ठेवल्या होत्यास. मला त्या एकच दिसल्या, कारण एकच दिसणं सोपं होतं. खोकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर घातलं, आणि खोकला उंबऱ्याच्या आत लपून बसला.

तुला आधी तपासलं असतं तर वाचली असतीस का? नरसम्मा वाचली. तीच हवा, तेच दूध, तोच लिंब. तिला वेळेत मिळालं, कारण तू दिलंस. तुला द्यायचं माझ्याकडं होतं.

परवा उपचारगृह उघडलं. पाळीवरून ओसरीत पुन्हा गलका. मी थोडा वेळ बाहेर उभी राहिले, तू लावायचीस तशा ओळी लावायचा प्रयत्न केला. बायका माझं ऐकतात, पण घाबरून ऐकतात. तुझं हसून ऐकायच्या.

दुपारी सगळ्यांना चौकात बोलावलं. हसीनाबी, शांता, नवी मालिशवाली, पाणी भरणाऱ्या दोघी. मी सांगितलं की अक्काला काय झालं होतं आणि केव्हापासून. माझ्या नियमामुळं ती बोलली नाही, हेही सांगितलं. आजपासून ज्या कोणाला खोकला असेल, ताप येत असेल, तिनं येऊन मला सांगायचं. काम बदलेल, पण घरी पाठवणार नाही. मागची खोली आहे.

नवी मालिशवाली जमिनीकडं बघत होती. हसीनाबीनं डोळ्याला पदर लावला. त्यांनी माझे शब्द ऐकले आणि ठेवून दिले, दुकानात खोटी वाटणारी वस्तू हातात घेऊन परत ठेवतात तसे. मला वाटलं, माझ्या जागी तू उभी असतीस तर एव्हाना चौघी एकदम बोलायला लागल्या असत्या. हळूहळू सगळ्या आपापल्या कामाला गेल्या. मी खोलीत येऊन बसले.

मग शांता आली. दाराशी उभी राहिली. हात अजून ओले होते, साबणाचा वास येत होता. तिचा आवाज भांडायला आल्यासारखा होता.

"बाई, पावसाळ्यापास्नं खोकते मी. राती घाम येतो. काडायचं आसंल तर आत्ताच सांगा. उगं चार दीस ठेवून घेऊन मग काडू नगा. आता मधी पडायला अक्का न्हाई."

मी तिला हे सांगू शकले असते की आत्ताच तर बोलले ना मी. नाही सांगितलं. उठले, तिच्या मागचं दार लावलं, स्टूल पुढं ओढलं आणि तिला पाठ करून बसवलं. नळी गार होती. तळहातावर घासून थोडी गरम केली. तिचे खांदे ताठ होते, मारायला हात उगारल्यावर लेकरू आकसतं तसे.

"मोठा श्वास घे," मी म्हटलं.

तिनं घेतला. मी ऐकू लागले.